बादलीखालचं वाघूळ

तारकर्लीच्या आपोलिनाचा स्वभाव संशयी, हे माशेवालीपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बांगडा ताजा आहे असं कुणी म्हटलं की ही कल्ले उघडून बघणार. कुणी नुसतं 'बरां मां?' विचारलं तरी हा काय मागायला आला असेल, असं हिच्या मनात येणार. नवरा कॉन्स्टान्सियो बाजारातून आला की आधी त्याच्या तोंडाचा वास घेणार. बिचाऱ्याला दम्यानं चार पावलं चालवत नव्हतं, तो कुठला गुत्त्यावर जातोय. पण सवय ती सवय.

त्या सकाळी केळीच्या घडाखाली, स्वयंपाकघराच्या जमिनीवर, एक वाघूळ पंख पसरून पडलेलं तिला दिसलं. दिवसाउजेडी असं जमिनीवर पडलेलं जनावर तिला मुळीच बरं वाटलं नाही. गावात कुत्रा चावल्यावर काय करायचं हे सांगायला आलेली आशाताई म्हणाली होती, की रानातल्या जनावरालाही उघडा हात लावू नका. आपोलिनानं लांबूनच वाघळावर बादली उपडी घातली, वर दगड ठेवला आणि वनखात्याचा नंबर विचारायला ती शेजारच्या भिकाजीकडे गेली.

परत आली तर दगड बाजूला, बादली उताणी, आणि वाघूळ गायब.

"कोणी उचलल्यान बादली?"

"मिया. ता उडान गेला," कॉन्स्टान्सियो म्हणाला. त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"आणि ह्या काय?"

"विळयेर कापला."

आपोलिनानं विळी बघितली. पातं कोरडं होतं, खवणीवर खोबऱ्याचा कण नव्हता. मग तिला भिकाजी आठवला. नंबर देताना तो जरा जास्तच हसला होता.

"आज नारळ फोडूक नाय, भाजी चिरूक नाय. विळी कशाक घेतलंस?" असं म्हणत तिनं चिंधी सोडली. कापल्याची रेघ नव्हती. बारीक दोन टोचे होते, शेजारी शेजारी, आणि वर हळद-चुना थापलेला.

"खंय आसा ता?"

कॉन्स्टान्सियोनं चुलीकडे बोट दाखवलं. वाघूळ चुलीमागच्या पत्र्याच्या डब्यात होतं. भिकाजीनं त्याला मागेच सांगितलं होतं, की वाघळाच्या रश्श्यानं दमा जातो. चालून आलेलं औषध सोडायचं कसं, म्हणून यानं उघड्या हातानं उचललं होतं.

आपोलिनानं त्याला नळाखाली उभा केला आणि हळद-चुना पार निघून गेल्यावरही साबणानं अंगठा धूत राहिली. मग डब्यावर पाटा ठेवून, दाराला कुलूप घालून रिक्षा बोलावली.

रिक्षात तो हळूच म्हणाला, "डॉक्टराक विळीच सांगूया. लोक हसतले."

मालवणच्या सरकारी दवाखान्यात अनुजा डॉक्टरांनी विचारलं, तर पठ्ठ्यानं खरंच विळी सांगितली.

"खोटा सांगता," आपोलिना म्हणाली. "वागूळ चावला. दम्याक औषध म्हणान हातान धरल्यान."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बरं झालं बोललात. वाघळाला रेबीज असेलच असं नाही, पण नाही असं धरून चालता येत नाही. लक्षणं दिसायला लागली की आमच्याही हातात काही उरत नाही. आज जखमेभोवती आणि दंडात सुया देऊ, पुढच्याही चुकवायच्या नाहीत. त्या डब्याला कुणी हात लावू नका, वनखात्याला मी कळवते." मग त्याच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "दम्याला पंप आहे, गोळ्या आहेत. वाघूळ कशाला हवं होतं?"

"ही रातची निजना नाय," कॉन्स्टान्सियो म्हणाला. "माजो श्वास चलता काय नाय बघूक नाकाकडे हात धरता. वाटला, दमो गेलो तर हिका झोप लागात."

गावातल्या प्रत्येकावर संशय घेणाऱ्या बाईला एवढाच संशय कधी आला नव्हता, की ती नाकाशी हात धरते तेव्हा तो जागा असतो. तिला रडू यायला लागलं, आणि सुई घेऊन आलेल्या नर्ससमोर रडायचं तिला मुळीच नव्हतं.

"फुडच्या सुयेची तारीख माका सांगा," ती नर्सला म्हणाली. "हेच्यार माजो इश्वास नाय." आणि सुई टोचेपर्यंत तिनं त्याचा दुसरा हात सोडला नाही.