मावशीचा हिरवा ठिपका

आज देवगाव रंगारीला मावशीकडं जेवायला गेले होते. भाकरी थापता थापता ती सारखी पदराला हात पुसून मोबाइलला बोट लावत होती.

"काय बघतेस गं एवढं?"

"बघत नाय बाई. बोट नाय लावलं की माझा हिरवा ठिपका जातो. सुनीलला वाटंल, आई कामात हाय. मग तो कशाला फोन करंल?"

सुनील तिचा मुलगा, पुण्यात असतो. मावशी वापरते ते चॅट ॲप आमच्याच कंपनीचं; माणूस ऑनलाइन असला की त्यात नावापुढं हिरवा ठिपका दिसतो. बोट लागलं नाही की ठिपका विझावा, हे मीच ठरवलेलं.

"त्याचा ठिपका मात्र कधीच दिसत नाय," ती म्हणाली. "लई काम असतं त्याला."

मी माझा फोन उघडला. सुनीलच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. हव्या त्या माणसापासून ठिपका लपवायची सोयही आम्हीच दिली आहे. त्यानं ती आईसाठी वापरली होती.

मी फोन पालथा ठेवला. "हो गं मावशी, कामात असेल."

तिनं भाकरी माझ्या ताटात वाढली आणि पुन्हा स्क्रीनला बोट लावलं.

ती सोय करताना आम्ही नकोशा माणसांचा विचार केला होता. त्यांत कुणाची आई असेल, हे मनातही आलं नव्हतं.

मैत्रिणींनो, तुम्ही तिला सांगितलं असतं का?