एका दिवसात बुजलेला खड्डा

अष्टमीच्या पुलावरून रोह्यात उतरलं की समोरच एक खड्डा होता. धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारे त्याला सराईतपणे वळसा घालत. माझी स्कूटर मात्र हमखास त्यात आदळायची. एकदा कंबरच धरली, तेव्हा चिडून मी नगरपालिकेत अर्ज दिला. कारकुनाने तो वाचला, शिक्का मारून पोच दिली, आणि 'साहेब रजेवर आहेत' असं एकदाही म्हणाला नाही. तिथेच मला संशय आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा बुजलेला! मी खाली उतरून डांबर पायाने दाबून पाहिलं. पक्कं होतं. कोणी मंत्री येणार असेल म्हणून आठवडाभर वाट पाहिली, पण कोणी फिरकलं नाही.

चहाच्या टपरीवर शेजाऱ्याने डोळे बारीक करून विचारलं, "खरं सांगा, वर कोण हाय तुमचं?"

"कोणी नाय हो!" मी ओरडलो. "नुसता अर्ज दिला!"

यावर तिथल्या एकाचाही विश्वास बसला नाही. माझा तरी कुठे बसला होता?

तेव्हापासून मी टपरीवर पोचलो की नगरपालिकेला चाललेल्या शिव्या थांबतात आणि सगळे हवापाण्याचं बोलू लागतात.