नऊ मुलाखती आणि एक दाखला

शितल वायडाने बी.ए.ला दिव्यांगत्व अभ्यास हा मायनर घेतला, तेव्हा कुणी तिला कारण विचारलं नाही. तिचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला होता. लोकांना तेवढं कारण पुरलं.

खरं कारण साधं होतं. प्रवेशाच्या दिवशी ऑफिसातले सुनिलभाऊ मायनर विषयांची यादी वाचून दाखवत होते. इतिहास, अर्थशास्त्र, ग्रामीण विकास. शितलने मध्येच विचारलं, "यातला कुठला वर्ग तळमजल्यावर भरतो?"

सुनिलभाऊंनी वेळापत्रक चाळलं. "दिव्यांगत्व अभ्यास. खोली नंबर तीन."

"मग तोच लिहा."

गंजाडच्या पाड्यावरून सडकेपर्यंत अर्ध्या तासाची चाल, तिथून डहाणूपर्यंत माणसांनी भरून वाहणारी इको गाडी आणि स्टेशनपासून पुन्हा चाल. कॉलेजच्या फाटकात पोचेपर्यंत तिचं दिवसभराचं बळ निम्मं संपलेलं असे. वर दोन जिने चढून इतिहास शिकायची तिची इच्छा होती. ताकद नव्हती.

शिकवायला वसुमती मॅडम होत्या. तासिका तत्त्वावर लागलेल्या. सकाळी डहाणूला, दुपारी तलासरीच्या बाजूला आणखी एका कॉलेजात. शिकवायच्या मात्र मनापासून. अपंगत्व माणसाच्या शरीरात कमी आणि त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेत जास्त असतं, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. शितलने ते वहीत उतरवलं आणि बाकाखाली पाय सरळ करायला जागा शोधली. वाक्य पटलं होतं, पण पाय दुखायचा थांबला नव्हता.

दुसऱ्या सत्रात मॅडमनी प्रकल्प दिला. एका दिव्यांग व्यक्तीची मुलाखत घ्यायची, आठ पानं लिहायची. वर्गात चौदा मुलं. त्यातली नऊ शितलकडे आली.

पहिला मिथुन. "गावात कुठे शोधत बसू? तू आहेसच की," म्हणत त्याने मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. तुला पहिल्यांदा कधी जाणवलं? लोक कसे वागतात? तुझं स्वप्न काय? शितलने डबा बाजूला ठेवून सगळं सांगितलं. मग दुसरी आली, तिसरा आला. प्रश्न तेच. पाचव्या मुलाखतीपर्यंत तिची उत्तरं पाठ झाली होती, स्वतःचंच बालपण ती धड्यासारखं म्हणून दाखवत होती. सहावी निलम, तिची जवळची मैत्रीण. ऐकता ऐकता निलम रडायला लागली आणि शितललाच तिच्या पाठीवरून हात फिरवत बसावं लागलं.

"तुला राग नाही येत?" निलमने विचारलं.

"कंटाळा येतो," शितल म्हणाली.

तिचा स्वतःचा प्रकल्प तसाच राहिला होता. सायवनला तिच्या आत्याच्या शेजारी शुक्री नावाची म्हातारी राहत होती. सात-आठ वर्षांपूर्वी तिची नजर गेली, तेव्हापासून ती आपल्या सुनेच्या, जानीच्या, आधाराने हिंडत होती. एका रविवारी शितल तिच्याकडे गेली. शुक्री ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. शितलने वही उघडली.

"आजी, तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?"

शुक्रीचे हात थांबले नाहीत. "हे लिहून काय होणार?"

"कॉलेजात मार्क मिळतील."

"तुला मिळतील. मला?"

मोबाइल धरून आपल्यासमोर बसलेला मिथुन शितलला आठवला आणि तिने वही मिटली. थोड्या वेळाने शुक्रीच म्हणाली, "बाय, तो दाखला करून देतात ना, आंधळ्या माणसाला? जानीला ऑफिसातलं काही कळत नाही. तू शिकलेली आहेस."

शितलने ऑनलाइन अर्ज भरला. तलासरीला दिव्यांग तपासणीचं शिबिर होतं, तिथली तारीख मिळाली. त्या दिवशी जानीला भात झोडायला जायचं होतं, म्हणून दोघीच निघाल्या. शुक्रीने शितलचा खांदा धरला. एकीला वाट दिसत नव्हती, दुसरीला ती भराभर चालता येत नव्हती. रिक्षावाला म्हणाला, "तुमच्यात पेशंट कोण?" शुक्री म्हणाली, "आज ही मला नेते, म्हणजे मीच."

मांडवात गर्दी होती. दुपारी दोनपर्यंत बसल्यावर कळलं, डोळ्यांचे डॉक्टर आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात या. शुक्रीने फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी शितलच्या हातात दिली.

"घरी काय सांगायचं?" शितलने विचारलं.

"बसून आलो म्हणायचं."

पुढच्या महिन्यात त्या पुन्हा गेल्या. ह्या वेळी डॉक्टर होते, पण आधारच्या मशीनवर अंगठा उमटेना. जन्मभर गवत कापून शुक्रीच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. शितल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, समजावत राहिली, शेवटी एका बाईंनी अंगठ्याऐवजी दुसरी पद्धत वापरून काम पुढे सरकवलं. तपासणी झाली. उतरत्या उन्हात परतताना शितलचा पाय इतका सुजला होता की बुटाचा पट्टा सोडावा लागला.

प्रकल्प द्यायची तारीख केव्हाच उलटली होती. तिने त्या दोन फेऱ्याच आठ पानांत लिहून दिल्या. मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. त्यांच्या पुढ्यात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"यात मुलाखत कुठे आहे?"

"घेतली नाही, मॅडम. सोबत गेले." मग तिला राहवेना. "माझ्या मात्र नऊ झाल्या. मी ह्या वर्गात का आले ते एकानेही विचारलं नाही."

"का आलीस?"

तिने जिन्यांचं सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन गठ्ठ्यावर ठेवलं. "चौदा जणांना प्रकल्प देताना तू वर्गात आहेस हे माझ्या लक्षातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

तरी उशिराचे मार्क कापावे लागले. मिथुनला वीसपैकी अठरा पडले, शितलला तेरा. पुढच्या तुकडीसाठी मॅडमनी नियम केला की वर्गातल्या कुणाची मुलाखत घ्यायची नाही. तो पाळला गेला की नाही हे बघायला त्या राहिल्या नाहीत. जूनमध्ये त्यांच्या तासिका दुसऱ्या कुणाला गेल्या.

पावसाळा सरता सरता शुक्रीच्या दाखल्याचं कार्ड पोस्टाने आलं. जानीचा फोन आला म्हणून शितल रविवारी सायवनला गेली आणि कार्डावरचं सगळं वाचून दाखवलं. नाव बरोबर होतं. जन्मसाल दहा वर्षांनी चुकलं होतं.

"दुरुस्त करायला पुन्हा जावं लागेल, आजी."

शुक्रीने कार्डावरून बोट फिरवलं. "जाऊ. पण लगेच नको. तू थकलीस."

शितलने बूट काढले आणि भिंतीला पाठ टेकून ओटीवर पाय लांब केले.