पाटोदा–कडा एसटीत भरलेलं अमेरिकन कादंबरीचं चर्चासत्र

प्रबंध जमा करण्याआधी एका चर्चासत्रात निबंध वाचावाच लागतो, म्हणून मी लातूरहून कड्याला निघाले. विषय होता महायुद्धानंतरच्या अमेरिकन कादंबरीतले घर सोडून भटकणारे नायक. त्यांच्यावर दोनशे पानं लिहिली, पण एकटीनं केलेला हा माझा पहिलाच प्रवास.

या बाजूला येणार असाल तर मांजरसुंब्याला गाडी बदला. बायकांना अर्धं तिकीट आहे. पाटोद्याच्या स्टँडसमोरची भजी जरूर खा, सोबतची मिरची मात्र जपून.

पाटोद्याला आयोजक गायके सर भेटले. हातात बॅनरची गुंडाळी, शाल आणि नारळ. आम्ही एकाच एसटीत चढलो. आष्टी जवळ आली तसा त्यांचा फोन वाजला. कड्याच्या सभागृहात अचानक परीक्षा लागली होती आणि अध्यक्ष लग्नाला गेले होते.  सर उठले आणि कंडक्टरला म्हणाले, "बॅनरचं एक टोक धरा. चर्चासत्र इथंच घेऊ."

"आन् आष्टीची तिकिटं कोन काढंल?"

"उद्घाटन झालं की काढा."

अध्यक्ष हवा होता. गाडीत वयानं सगळ्यांत मोठ्या माझ्या शेजारच्या सोनाबाई, शिरूर कासारकडच्या. सरांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली.

"मला कावून?"

"मान असतो, मावशी."

"बरं. थंडीला हुईल."

एका हातानं दांडी धरून, जमेल तसं मराठी करत मी निबंध वाचला. नायक नोकरी सोडतो, घर सोडतो, रस्त्यालाच आपलं म्हणतो. मागच्या बाकावरून फळवाले रशीदभाई म्हणाले, "मॅडम, ऊस तोडाया जातो का त्यो?"

"नाही."

"मंग पेट्रोल कोन भरतं?"

गाडी हसली. मीही हसले.

मग अध्यक्षीय समारोप. सोनाबाई बसूनच बोलल्या. "तेला जाताना कुनी आडवलं न्हाई?"

"नाही."

"मला आडवलं. चाळीस वरसं ऊसतोडीला कोयत्यावर गेले, आधी मालकासंगं, मंग लेकासंगं. औंदा लेक म्हनला, वय झालं, घरीच ऱ्हा. गावात हाय कोन? समद्या घरांला कुलपं. कुलपांशी बोलू का?"

लेकाच्या टोळीचा ट्रक दुपारी कड्याला थांबणार, एवढं त्यांना कळलं होतं. तो गाठायला त्या निघाल्या होत्या. लेकाला याची खबर नव्हती.

सरांनी घड्याळ पाहिलं. "ड्रायव्हरसाहेब, अध्यक्षांचा ट्रक चुकायला नको."

"मंग प्रश्नोत्तरं बंद करा," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं गाडी दामटली.

कड्याला पोचलो तर ट्रक हलला होता. सर आणि कंडक्टर बॅनर आडवा धरून रस्त्यात उभे राहिले. करकचून ब्रेक लागला. वरून लेक उतरला. "आय! तू कावून आलीस? ही शाल कुनाची?"

"या आमच्या अध्यक्ष आहेत," सर म्हणाले.

लेक घाबरला. "काय केलं हिनं?"

"समारोप."

त्याला काही उमगलं नाही. तो आईकडे वळला. "डाक्टर काय म्हनलाय, ठावं हाय ना?"

"ऊस न्हाई तोडनार. भाकरी करीन, लेकरं बघीन. पर तिथं मला 'आमची म्हातारी' म्हनाया कुनी असंल."

 वर ट्रकमधल्या बायकांनी कुणाला न विचारता पाय आखडून जागा केली आणि हात खाली सोडले. शेवटी लेकानं बोचकं उचललं. सोनाबाई शालीसकट वर चढल्या आणि ट्रक निघून गेला. शाल परत मागायचं कुणालाच सुचलं नाही.

लातूरला येऊन मी प्रबंधाचं शेवटचं वाक्य खोडलं. माणसांतून बाहेर पडल्यावरच माणूस मोकळा होतो, असं ते होतं. त्याजागी लिहिलं : या नायकांना घर सोडता आलं, कारण मागं घरात माणसं होती.

मार्गदर्शकांनी वाचून विचारलं, "चांगलंय. संदर्भ कुणाचा?"

मी तळटीप घातली : सोनाबाई, अध्यक्षीय समारोप, पाटोदा–कडा एसटी. त्यांनी त्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय. मी ते खोडलेलं नाही, पण तळटीपही काढणार नाही.