महाराज दारात, तोंडात कवळी

गेल्या आठवड्यात निपाणीत आमच्या दारात जे घडलं, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही... तुम्ही वाचा आणि तुम्हाला लागला तर मलाही सांगा.

माझे दात एकामागून एक गेले, त्याला बरेच दिवस झाले. भाकरी दुधात कुस्करून खायची याचं काही वाटत नव्हतं, पण माझं बोलणंच कुणाला कळेना. सूनबाई, आमची पद्मा, प्रत्येक वाक्याला "काय म्हणालासा?" विचारायची, आणि दोनदा सांगून झालं की मीच वैतागून गप्प बसायची.

शेवटी आमच्या ह्यांनी मला सर्व्हिस मोटारीत बसवून बेळगावला नेलं. कँपातल्या दातांच्या डॉक्टरानं तोंडात पांढरा लगदा कोंबून साचा घेतला. कवळीच्या हिरड्या रबराच्या, आणि लढाईमुळे रबर मिळेना, म्हणून कवळी हातात यायला थंडी उजाडली.

कवळी घालून आरशात बघितलं आणि दचकलेच... आरशातून माझी थोरली नणंद हसत होती! पण बोलणं मात्र सुधारलं. सुरुवातीला थोडी शिट्टी वाजायची, मग तीही गेली.

आता सगळं छान म्हणायचं, तर शेजारचे गुरुजी आले. दात कशाचे आहेत, म्हणून विचारलं. डॉक्टर चिनी मातीचे म्हणाले होते, तेच मी सांगितलं. गुरुजी म्हणाले, "विलायती चिनी मातीत हाडाची राख घालत्यात म्हणं, वैनी..."

झालं! आम्ही जैन माणसं. आमच्याकडे ताटात हाडाचा कण दिसला तरी माणूस जेवण सोडून उठतो, आणि इथे अख्खी रांगच तोंडात! हे म्हणाले, "डॉक्टर माती म्हणला न्हवं? मग मातीच." पद्मा म्हणाली, देवळात जाताना काढून ठेवा. मग देवळात काढायचे आणि घरात घालायचे, म्हणजे घरात हाड चालतं का? माझं डोकं फिरायची वेळ आली.

त्यात आणखी एक. आम्ही सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाही, आणि कवळी तर पाण्याच्या वाटीत ठेवायची असते. संध्याकाळी ती ओली तोंडात घातली तर ते पाणी पिणं झालं का? विचारणार कुणाला... मी आपली दिवस मावळला की बोळकी होऊन बसायची.

अशात मुनिमहाराज गावात आले. महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही कुणाच्या घरी घ्यायचा ते ऐनवेळी ठरतं. घरोघरी बायामाणसं सोवळ्यानं कलश घेऊन दारात उभी राहतात आणि 'नमोस्तु महाराज' म्हणून बोलावतात. कुठल्या दारात काय दिसलं तर थांबायचं, हे महाराजांनी मनात धरलेलं असतं... ते कुणालाच कळत नाही. आमच्या दारात ते आजवर कधी थांबले नव्हते, आणि आता माझं वय झालं. एवढी एकच इच्छा उरली होती.

पहिल्या दिवशी मी कवळी काढून उभी राहिले. काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही, महाराज पुढच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी कवळी घालून खणखणीत बोलावलं... तरी पुढेच गेले! म्हणजे दात नव्हते म्हणून गेले, की होते म्हणून गेले? रडावं की हसावं ते समजेना.

तिसरा दिवस शेवटचा, चौथ्या दिवशी महाराज बेळगावकडे निघणार होते. मी कवळीची वाटी हातात घेऊन बसले होते. पद्मा चिडली. "घाला हो अत्ती, न्हायतर घालू नका, पर लौकर ठरवा. म्हाराज कोपऱ्यावर आल्यात!" घाईघाईत घातली.

आणि महाराज थांबले. आमच्या दारात!

कलश घेऊन हे पुढे झाले. आम्ही महाराजांभोवती प्रदक्षिणा घातली. आता मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध असं म्हणायचं असतं, त्याशिवाय महाराज आत येत नाहीत. मन झालं, वचन झालं... आणि 'काय'वर माझी जीभ अडली. शरीर शुद्ध आहे असं मी कशाच्या जोरावर सांगू? खोटं बोलून आहार द्यायचा?

"म्हाराज," मी म्हणाले, "तोंडात कवळी हाय. मातीची हाय का हाडाची, मला ठावं न्हाय."

ह्यांनी डोळेच मिटून घेतले. आता महाराज वळणार, हे मी धरूनच चालले होते.

महाराज उंबरा ओलांडून आत आले.

आहार मौनात झाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते पुढे गेले, त्यामुळे विचारायचं राहूनच गेलं. ह्यांचं म्हणणं, मनात धरलेली खूण आमच्या दारात दिसली असेल. गुरुजी म्हणतात, खरं बोललात म्हणून आले. पद्माला वाटतं, महाराजांना नीट ऐकूच गेलं नसेल.

पण ऐकू न जायला काय झालं? गल्लीच्या टोकापर्यंत गेलं होतं म्हणे. कितीतरी दिवसांनी मी इतकं लख्ख बोलले... आणि बोलले काय, तर मला ठाऊक नाही.