फोन करा, आम्ही ऐकतोय

आमच्या रेडिओ स्टेशनच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. आवाज घुमू नये म्हणून! घुमायचा थांबला की नाही देव जाणे, पण चहाला बसलं की कुणीतरी एक किस्सा काढतं आणि मागोमाग दुसरा हजर. आधी पोट धरून हसायचो. हल्ली तेवढं हसू येत नाही.

फलटणजवळ एका संस्थेच्या मागच्या खोलीत आमचा सामुदायिक रेडिओ. टॉवरपासून दहा-बारा किलोमीटर ऐकू जातो, पुढं नुसती खरखर. त्यावर तरुणांचा कार्यक्रम, 'बोल की गड्या'. माइकवर सारिका, फोन आणि एडिटिंगला मी, संतोष. आजूबाजूला जो अन्याय दिसेल त्यावर बोलायचं. फोन आला की वहीत तीन रकाने भरायचे: नाव, गाव, फर्माईश. मोठ्या हौसेनं सुरू केलं होतं हो!

*

पहिलाच लाइव्ह भाग. विषय, जातीजातींच्या वेगळ्या स्मशानभूमी. सारिका अगदी तळमळून बोलली. लगेच एका आजोबांचा फोन.

"पोरी, डोळ्यात पानी आणलंस बघ!"

आम्ही खुणेनंच टाळी दिली.

"आता एक झकास लावणी लाव."

लिहिलं वहीत. लावलीसुद्धा! काय करता?

*

एकदा शेजारच्या गावातले तात्या स्टुडिओत पाहुणे. पांढरेशुभ्र कपडे, गावात मोठा मान. सारिकानं सरळ विचारलं, "तात्या, तुमच्या गावात देवळात सगळ्यांना येऊ देतात?"

"आवं, म्हंजे काय! आमच्यात भेदभाव अजिबात न्हाई. कुणालाच अडवत न्हाई आमी. ज्यांनी यायचं न्हाई, ती येतच न्हाईत!"

सारिका म्हणाली, "संत्या, एक शब्द कापू नकोस. ऐकू दे लोकांना." तसाच सोडला. मला वाटलं, आता तात्या काठी घेऊन येणार.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "लय भारी झालं! सगळ्या गावानं कौतुक केलं."

*

ऊसतोडीच्या बायकांचा भाग सर्वांत मेहनतीचा. चार दिवस त्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांत, जाऊन बसलो. पाणी कुठून आणता, पोरांची शाळा काय, बाळंतपणात सुट्टी मिळते का, सगळं रेकॉर्ड केलं. एक बाई सारखी विचारायची, "आमाला ऐकू येनार ना बाई?" सारिकानं तिला वचन दिलं.

एडिटिंगला मी वेळ लावला. चूक माझीच. तोवर हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या गावाकडं निघून गेल्या. आमचे दहा-बारा किलोमीटर तिथवर कुठले पुरणार!

सारिकानं टोळीच्या मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, "पाठवा की फोनवर."

"त्या मावशींचा नंबर द्या."

"तिचा कुठला फोन? ह्योच टोळीचा फोन. बाकी काय काय बोलल्यात बाया? ऐकतो मी."

पाठवलं नाही. फाईल अजून कॉम्प्युटरवर पडून आहे. मी ती उघडत नाही.

*

आता सारिकाचे वडील. आमचे सर्वांत निष्ठावान श्रोते! किराणा दुकानात रेडिओ मोठ्यानं लावणार आणि गिऱ्हाइकाला सांगणार, "आमची पोरगी बोलतीया." त्या आठवड्यात सारिकाचा मिरजेला नर्सिंगला नंबर लागला होता, म्हणून दुकानात पेढे वाटलेले. तिनं भाग केला, 'मुलीलाही विचारा'. पहिला फोन वडिलांचाच.

"इचारलंच पायजे! पोरीचं मत घेतल्याबिगर बापानं काय बी ठरवू नये!"

मी काचेतून अंगठा दाखवला. सारिका लाजली.

महिन्याभरात सांगलीकडचं स्थळ आलं. हळदीचा व्यापार, घरचं चांगलं, शिवाय "नर्सिंग काय, नंतर बी करता येतंय." सारिकाला एकोणीस पूर्ण. म्हणजे कायद्यानं सगळं बरोबर! तिच्या बाबांना समजवायला मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा चहा पाजला, माझंच कौतुक केलं आणि पत्रिका वाटायच्या कामाला लावलं.

सारिकाला विचारलं, "तुला विचारलं तरी का गं?"

"व्हय, विचारलं की."

"काय?"

"शालू कुठल्या रंगाचा घेऊ म्हणून."

*

आमच्याकडं बुधवारचा भाग रविवारी दुपारी पुन्हा लागतो. नवीन नसला तर जुन्यातला कुठलाही. सोमवारी सारिकाचं लग्न, म्हणून नवीन भाग कसला होणार! मी न बघता एक फाईल लावली आणि डबा उघडला. तर नेमका 'मुलीलाही विचारा'.

बंद करावासा वाटला. हात गेला नाही.

तिचा आवाज, स्वच्छ, ठणठणीत: "मनाविरुद्ध काही ठरत असेल तर गप्प बसू नका. फोन करा, आम्ही ऐकतोय."

फोन वाजला. सवयीनं वही ओढली.

"नमस्कार, 'बोल की गड्या'. नाव सांगा."

मागं बँजो वाजत होता, बायकांचा गलका होता.

"सारिका."

मी ते पहिल्या रकान्यात लिहिलं. दुसरं काय करावं सुचेना, म्हणून पुढचं विचारलं, "गाव?"

"आजचं लिहितोस का उद्याचं?"