माझ्या नावाचं अनुमोदन

"झोपलास काय रे? हात वर कर," असं म्हणत सचिवसाहेबांनी भर सभेत माझं मनगट धरलं आणि माझा हात वर केला. हॉलमध्ये हशा पिकला. चाळिशीचा बाप्या मी. लाज वाटली. जीव नकोसा झाला.

मी नाशकात एका क्रिकेट संघटनेच्या मैदानावर कामाला आहे. खेळपट्टीला पाणी मारतो, रोलर फिरवतो. संघटना चालते क्लबांच्या मतांवर. एक क्लब, एक मत. म्हणून साहेबांनी कागदावरच क्लब काढून ठेवलेत. ना खेळाडू, ना बॅट. प्रतिनिधी आम्हीच: मी, त्यांचा ड्रायव्हर, त्यांचा स्वयंपाकी. वार्षिक सभेला इस्त्रीचा शर्ट घालून मागं बसायचं. साहेबांनी चष्मा काढला की हात वर. सात वर्षं केलं. जेवण झकास असायचं, खोटं कशाला बोलू.

आमच्या पेठ तालुक्यातल्या गावात मात्र खरा संघ आहे. भात कापलेल्या खाचरात खेळतात पोरं. संघटनेशी संलग्न क्लब असल्याशिवाय निवड चाचणीला कुणी उभं करत नाही. संलग्नतेसाठी त्यांचा अर्ज मीच दिला होता.

त्या दिवशी ठराव आला: यापुढे नव्या क्लबांना संलग्नता बंद. साहेबांनी चष्मा काढला. माझा हात उचलेना. मग त्यांनीच उचलला.

"साहेब, आमचे पोरं लय मेहनत करतात. त्यांचा अर्ज पडून हे," मी म्हणालो.

"तुझा क्लब ठरावाच्या बाजूने आहे. जा, जेवून घे."

ठराव एकमताने मंजूर. गावाकडून पोरांचे फोन येत होते. उचलायची हिंमत झाली नाही.

जेवणं झाल्यावर क्लार्कनं इतिवृत्ताचं रजिस्टर पुढं सरकवलं. अनुमोदक म्हणून माझं नाव.

"सही येत नसेल तर अंगठा दे."

मी दहावी पास आहे. पेन घेतलं आणि नावापुढं लिहिलं, विरोध. त्यानं पान फाडलं, नवं लिहिलं आणि माझी सही स्वतःच ठोकली. माझ्या डोळ्यांदेखत.

ठराव आता फिरत नाही. मलाही काढतील, माहीत आहे. पण उद्या गावात जाऊन पोरांना तोंडावर सांगणार, तुमची वाट अडवणाऱ्यांत माझं नाव आहे. ते शिव्या देतील, त्या ऐकून घेणार. आणि मग कुणी विचारो न विचारो, भेटेल त्याला सांगणार: ती सही माझी नाही.